इंदूरला पहिली रेस करायचीय? आधी पाण्याच्या टेबलावर उभे राहा

आमच्या पळण्याच्या ग्रुपमधे नवीन माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी प्रश्न येतोच, "ताई, मी पहिली रेस कुठली करू?" आणि मी सगळ्यांना एकच सांगते की पहिल्या रेसला पळू नका, ड्यूटी करा. लोकांना वाटतं हिला टेबलावर माणसं कमी पडतायत म्हणून बोलते. तेही खरंय, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळं आहे. पळताना तुम्हाला फक्त पुढच्याची पाठ दिसते, टेबलामागे उभं राहिलं की अख्खी रेस समोरून जाते. पहिल्या दोन किलोमीटरला उड्या मारत गेलेला माणूस पंधराव्याला कसा दिसतो, चाळीस-पन्नाशीच्या बायका गप्पा मारत एका लयीत कशा येतात आणि शेवटपर्यंत तशाच कशा राहतात, कोणाच्या बुटाने टाच सोललीय, कोण दर टेबलाला तीन-तीन कप पितोय, हे सगळं एका सकाळी फुकटात कळतं, त्यासाठी कोचला पैसे द्यायची गरज नाही.

तर हे इंदूरच्या हिशोबाने लिहिलंय, आपल्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरवाल्यांसाठी, ज्यांनी आत्ताच बूट घेतलेत आणि चार-पाच मित्रमंडळी जमवून "या वर्षी काहीतरी करू या" म्हणतायत त्यांच्यासाठी.

आधी वर्षाचं कॅलेंडर, आणि ते एकत्र बसून

आपल्याकडे रेसचा सीझन साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमधे इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, त्यामुळे चांगल्या रेस सगळ्या थंडीत येऊन एकमेकींच्या डोक्यावर बसतात. एकवीस किलोमीटरची तयारी नवीन माणसाला बारा ते सोळा आठवडे तरी लागते, आणि तीसुद्धा पाच-सहा किलोमीटर न थांबता पळता येत असेल तर. म्हणून आमच्याकडे ठरलंय, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रात्रभराचे चित्ररथ, निघून गेल्या, झोप पुरी झाली, की पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी घरी बसायचं आणि तारखा लावायच्या. तिथून मोजलं तर जानेवारीची हाफ, म्हणजे एकवीसची हाफ मॅरेथॉन, आरामात बसते.

एक शीट उघडा. रकाने साधेच ठेवा: तारीख, अंतर, रजिस्ट्रेशनची शेवटची तारीख, कटऑफ म्हणजे किती वेळात संपवायची, कोण पळणार, कोण ड्यूटी करणार, कोणाची गाडी. आणि एक रकाना जो कोणीच ठेवत नाही आणि मग घोडं तिथेच अडतं, "घरचं काय आहे". तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आतेभावाच्या मुलीचं लग्न आणि तुमची रेस एकाच रविवारी येणार म्हणजे येणार. ते आधी कळलेलं बरं.

माझं मत विचाराल तर नवीन माणसाने पहिल्या वर्षी स्वतः पळायच्या रेस दोनच घ्याव्या, एक दहा किलोमीटरची आणि जमलं तर शेवटी एक हाफ. बाकी रविवारी ड्यूटी, नाहीतर साधं ग्रुपबरोबर पळणं. दर महिन्याला मेडल आणणारे लोक असतात, त्यांच्या भिंती भरतात आणि मार्चपर्यंत गुडघे बोलायला लागतात. ग्रुप दहाजणांचा असेल तर गावातल्या प्रत्येक रेसला अर्धे पळणार, अर्धे टेबलावर, पुढच्या रेसला उलट. असं ठरवलं की "मी नेहमी पाणीच वाटतो" असं रुसणं होत नाही आणि पळणाऱ्यांना रस्त्यात ओळखीचे चेहरेही दिसतात.

बाहेरगावची एखादी ठेवायची असेल तर पुण्याची डिसेंबरची आणि मुंबईची जानेवारीची या दोन जुन्या. पुण्याची १९८३ पासून आहे, मुंबईची २००४ पासून आणि ती सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांतीच्या तिळगुळानंतर लगेच. मुंबईसाठी अवंतिका रात्रभराची गाडी आहे, सोयीची, पण रेल्वेचं रिझर्वेशन आता साठ दिवस आधीच उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वीसारखं चार महिने आधी काढून निवांत बसता येत नाही. मोबाइलमधे अलार्म लावा आणि परतीचं तिकीट आधी बघा, रविवारी रात्रीचं तेच आधी संपतं.

रेस निवडताना काय बघायचं

पोस्टरवरचा टीशर्ट आणि मेडल सोडून बाकी सगळं बघा. रस्ता कुठून कुठे आहे, किती वाजता बंद करणार, कटऑफ किती, पाणी किती-किती अंतरावर, ॲम्ब्युलन्स किती, वेळ मोजणारी टायमिंग चिप आहे का, रस्ता मोजलेला आहे का.

या मोजण्यावरून ग्रुपमधे दरवर्षी वाद होतात म्हणून थोडं सविस्तर. हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, फुल म्हणजे ४२.१९५. नीट मोजलेला रस्ता म्हणजे गाडीचं मीटर किंवा गूगल मॅप बघून काढलेला नाही. सायकलच्या चाकाला एक काउंटर लावतात, आधी मोजपट्टीने आखलेल्या अंतरावर ती सायकल चालवून काउंटर जुळवून घेतात आणि मग वळणावळणाला आतल्या बाजूने, म्हणजे पळणाऱ्याला शक्य असलेल्या सगळ्यात छोट्या वाटेने मोजतात. वर हजारी एक जास्तीचं अंतर मुद्दाम धरतात, किलोमीटरला एक मीटर, म्हणजे रस्ता चुकूनही कमी भरू नये. आता तुम्ही पळताना काही आतल्या बाजूने जात नाही, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जाता, चौकात बाहेरून वळता, वरून घड्याळाचं जीपीएस उंच बिल्डिंगांमधे इकडेतिकडे उड्या मारतं. त्यामुळे घड्याळात २१.३ किंवा २१.४ दिसलं तर आयोजकांना शिव्या देऊ नका, ते तसंच दिसतं. फिनिशला वीस पूर्णांक काहीतरी दिसलं तर मात्र जरूर विचारा.

रविवारची स्कूटर ड्यूटी

मोठ्या रेसच्या आधी घरची प्रॅक्टिस. आमच्याकडे लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याला, दर रविवारी एकजण पळत नाही, स्कूटरवर पाणी घेऊन फिरतो. नवीन माणसाला मी आधी इथेच लावते. सुपर कॉरिडोरला सरळ लांब रस्ता आहे, तिथे हे सगळ्यात सोपं, रेसिडेन्सीच्या झाडांखाली गोल गोल फिरणार असाल तर एकाच जागी गाडी लावूनही भागतं. सामान काय तर पाच लिटरचा नळवाला जार पायापाशी, प्रत्येकाचा स्वतःचा स्टीलचा पेला नाहीतर बाटली, ओआरएसची दोन पाकिटं, केळी, थोडी चिक्की, एक जुना टॉवेल, कचऱ्याची पिशवी, आणि एक काठी, कारण पहाटे पाचला कुत्री आपल्या हद्दीत पळणाऱ्याला ओळखत नाहीत. काठी मारायला नाही, नुसती हातात दिसली तरी पुरते.

ओआरएसचं एक लक्षात ठेवा. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच टाकायचं. अर्ध्या लिटरमधे घट्ट केलं की जास्त ताकद येते असं नाही, पोट बिघडतं. आणि दोन लिटरमधे पुरवून पुरवून वापरलं तर ते नुसतंच चव असलेलं पाणी.

दोन-तीन रविवार ही ड्यूटी केली की कोणाला कितव्या किलोमीटरला काय लागतं याचा अंदाज बसतो, मग मोठ्या रेसचं टेबल जड जात नाही.

व्हॉलंटियर म्हणून नाव देताना

बहुतेक आयोजक रेसच्या महिना-दोन महिने आधी व्हॉलंटियरचा फॉर्म काढतात. एकेकट्याने भरू नका, ग्रुपच्या नावाने विचारा की आम्ही दहा-बाराजण आहोत, आम्हाला एक अख्खं वॉटर स्टेशन द्या. आयोजकांना हे आवडतं, त्यांना बारा वेगळ्या लोकांना फोन करण्यापेक्षा एकाला फोन करणं परवडतं. आणि तुम्हाला ओळखीचे लोक मिळतात, पहाटे चारला अनोळखी माणसांशी चांगलं वागणं सगळ्यांना जमत नाही.

नाव देताना हे विचारून घ्या: रिपोर्टिंग किती वाजता, सुटका किती वाजता, पॉइंटचा इन्चार्ज कोण आणि त्याचा नंबर, सामान आदल्या रात्री येणार की पहाटे, चहा-नाश्त्याचं काय, जवळ टॉयलेट कुठलं. शेवटचा प्रश्न बायकांनी तर आवर्जून विचारा, लाजू नका, पाच-सहा तास उभं राहायचं असतं. आणि गाडी. रस्ता बंद झाला की तुमची गाडीही आतच अडकते, म्हणून बंद होणाऱ्या रस्त्याच्या बाहेरच्या गल्लीत लावा आणि चालत या.

कोणाला कुठली ड्यूटी द्यायची यात थोडी माणसं ओळखावी लागतात. बिब, म्हणजे पळणाऱ्याने अंगावर लावायचा नंबराचा कागद, तो वाटायला आदल्या दिवशीच्या काउंटरवर शांत डोक्याचा माणूस पाहिजे, कारण तिथे "माझा टीशर्ट एम सांगितला होता, एल का दिला" हे दिवसभर ऐकायचं असतं. बॅग ठेवायच्या काउंटरला हिशोबी माणूस, पिशवीवर बिब नंबर नीट लिहिणारा, आणि बॅगा नंबराप्रमाणे लावणारा. फिनिशला मेडल घालायला मुलं एकदम छान, दहा-बारा वर्षांची, त्यांना उत्साह असतो आणि पळून आलेल्यालाही बरं वाटतं. आणि चौकात मार्शल म्हणून सगळ्यात भारी कोण तर रिटायर झालेले काका. ते असेही चारला उठतात, गळ्यात शिट्टी दिली की त्यांचा चौक कोणाची हिंमत नाही ओलांडायची, बँकेत तीस वर्षं मॅनेजर असलेल्या माणसाच्या आवाजात जी जरब असते ती कॉलेजच्या पोराकडे कुठून येणार.

पाण्याचं टेबल, हे मन लावून वाचा

हिशोब आधी. वीस लिटरच्या जारमधे दीडशे मिलीचे साधारण एकशे तीस कप भरतात. तुमच्या टेबलासमोरून चारशे लोक जाणार असतील तर सहाशे कप धरा, कारण काही दोन घेतात, काही एक पितात आणि एक डोक्यावर ओततात. सहाशे कप म्हणजे नव्वद लिटर, साडेचार जार. सहा-सात मागा. सांडतं, भरताना वाया जातं, पहाटे रस्त्यावरून जाणारे दूधवाले-पेपरवालेही मागतात आणि त्यांना नाही म्हणू नये. रस्ता जाऊन-येऊन असेल तर सगळं दुप्पट, हे बरेच लोक विसरतात, आणि परत येतानाच माणसाला पाण्याची खरी गरज असते.

टेबल कुठे लावायचं? वळणावर नको, उतार संपतो तिथे नको, स्पीड ब्रेकरच्या लगेच पुढे नको. सरळ, सपाट, आणि दिवा असलेली जागा बघा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे पहिली हाफवाली मंडळी अंधारातच येणार, एक हेडलॅम्प किंवा चार्जिंगचा दिवा घरून आणा. टेबलं एकाला एक चिकटवून लावू नका, मधे आठ-दहा मीटर सोडा, नाहीतर सगळे पहिल्याच टेबलावर झोंबतात आणि शेवटच्या टेबलावरचे हात पुढे करून नुसते उभे. पाणी आणि ओआरएस एका टेबलावर मिसळू नका. आधी पाणी, पुढे ओआरएस, किंवा उलट, काहीही चालेल पण मोठ्याने ओरडून सांगा, कारण तोंडावर मारायला घेतलेला कप ओआरएसचा निघाला की डोळे चुरचुरतात आणि चिकट तोंडाने पुढचे दहा किलोमीटर जायचे असतात.

कप दोन-तृतीयांश भरा. काठोकाठ भरलेला कप अर्धा तुमच्या बाहीत जातो. कप आधीच भरून ठेवायचे, टेबल भरलं की वर पुठ्ठ्याचा ताव ठेवायचा आणि त्यावर दुसरा थर लावायचा, तीन थरांपर्यंत नीट राहतात. हे आधी करून ठेवलं नाही तर घोळका येतो तेव्हा नाकी नऊ येतात. दहा किलोमीटरच्या रेसला पाचव्या किलोमीटरवर पहिला पळणारा वीस मिनिटांच्या आत येऊन जातो, मग थोडा वेळ तुरळक, मग एकदम पाऊण रेस पंधरा मिनिटांत अंगावर येते.

देणारा हात कसा पाहिजे ते बघा. कप मुठीत आवळून धरू नका, घेणाऱ्याला पकडायला जागा पाहिजे. वरच्या काठाला बोटांच्या टोकांनी धरा किंवा सपाट तळव्यावर ठेवा, हात पूर्ण लांब करा, अंग बाजूला, आणि कप घेतला जाताना हात थोडा पळणाऱ्याच्या दिशेने जाऊ द्या. त्याच्या डोळ्यात बघा, तो तुमच्याकडून घेणार की पुढच्याकडून ते नजरेतच कळतं. पुढे पाऊल टाकून त्याच्या वाटेत जाऊ नका, वेगाने येणारे लोक धडकतात.

थंडीत अजून एक त्रास, ज्याबद्दल कोणी सांगत नाही. पहाटे पाचला जारचं पाणी बर्फासारखं असतं आणि भरणाऱ्यांची बोटं अर्ध्या तासात बधीर होतात. भांडी घासायचे रबरी हातमोजे आणा आणि भरणारे-देणारे दर वीस मिनिटांनी अदलाबदल करा.

केळी देणार असाल तर सालासकट अर्धी कापा, संत्र्याच्या फोडी करा, चिक्की तोडून ठेवा. नवीन काही प्रयोग नको, कोणाच्या तरी घरचे लाडू कितीही चांगले असले तरी पंधराव्या किलोमीटरला घशात अडकतात.

आणि टेबल कधी आवरायचं? शेवटचा माणूस गेल्यावर. शेवटचा म्हणजे शेवटचा, त्याच्या मागून आयोजकांची गाडी येते ती दिसल्यावर. एका रेसला, नाव घेत नाही, माझ्या ओळखीच्या एका ताईंना सोळाव्या किलोमीटरनंतर एकही टेबल लागलेलं मिळालं नाही, कप गोळा करून सगळे नाश्त्याला गेलेले, त्यांनी एका पानवाल्याकडून पाण्याची बाटली उधार घेतली. तीन तास रस्त्यावर असलेल्या माणसाला सव्वा तासात पोचलेल्यापेक्षा पाणी जास्त लागतं, आणि ज्याला सगळे विसरून गेलेत त्याला एक टाळीही लागते.

कचरा, म्हणजे इंदूरची इज्जत

२०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले आहोत म्हणून मिरवतो, मग आपल्याच रेसच्या मागे कपांचा सडा कसा चालेल. घराची कचरागाडीसुद्धा आपण सहा भाग वेगळे करून भरतो, इथेही तेच करायचं. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप-ग्लास बंद आहेत, म्हणून कागदी येतात, पण कागदी कपाला आतून पातळ प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे ते ओल्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, सुक्यात. केळीची सालं, संत्र्याची सालं ओल्यात. दोन वेगळ्या पिशव्या, दोन वेगळी माणसं.

डबे टेबलाजवळ ठेवून उपयोग नाही. माणूस कप घेतो, चार घोट पितो, तोपर्यंत पन्नास मीटर पुढे गेलेला असतो. डबे तिथे ठेवा, पन्नासला एक, शंभरला एक, आणि शंभरच्या डब्याजवळ एक माणूस उभा करा जो "इथे टाका, इथे" असं ओरडेल. उघड्या तोंडाचा मोठा खोका पाहिजे, झाकणाच्या डब्यात पळता पळता कोण टाकणार. रस्त्यावर पडलेले कप रेस चालू असतानाच कडेला ओढत राहा, ओले कागदी कप पायाखाली सटकतात आणि केळीच्या सालाचं तर सांगायलाच नको. यासाठी लांब दांड्याचा झाडू हवा, वाकून वाकून कंबर जाते.

चौकात उभं राहणाऱ्यांसाठी

ट्रॅफिक थांबवणं पोलिसांचं काम आहे, तुमचं नाही. तुम्ही हात दाखवा, शिट्टी वाजवा, पण धावत्या गाडीच्या पुढे उभे राहू नका. कोणी वाद घालायला लागलं तर, आणि घालतात, कोणाची तरी ट्रेन असते, कोणाच्या तरी घरी कोणीतरी आजारी असतं, शांतपणे सांगा की भिया मागून डावीकडे घ्या, तिथून निघतं. म्हणजे तुम्हाला पर्यायी रस्ता माहीत पाहिजे, आदल्या दिवशी गाडीवरून एकदा फिरून या. हॉस्पिटलकडे जाणारी गाडी कधीच अडवू नका, पळणाऱ्यांना दहा सेकंद थांबवा, कोणी मरत नाही.

पळणाऱ्यांना "बस एकच किलोमीटर राहिला" असं म्हणू नका, जर खरंच एक राहिला नसेल तर. हे आपल्याकडे प्रेमाने सगळे म्हणतात आणि पळणाऱ्याचा जीव तिथेच जातो, कारण तो उरलासुरला दम त्या एका किलोमीटरवर खर्च करतो आणि पुढे अजून अडीच निघतात. माहीत असेल तर आकडा सांगा. नसेल तर बिबवरचं नाव वाचून हाक मारा, त्याने जास्त फरक पडतो.

कोणाला काही झालं तर

बहुतेक वेळा पायात गोळा आलेला असतो किंवा स्प्रे पाहिजे असतो, स्प्रे तर धडधाकट लोकही मागतात. पण खरी अडचण ओळखता आली पाहिजे. माणूस झोकांड्या देतोय, नाव विचारलं तर भलतंच बोलतोय, अंग तापलंय, तर त्याला थांबवा, तो नाही म्हटला तरी. सावलीत आडवं करा, ओला टॉवेल आणि असेल तर बर्फ मानेला-काखेत, मेडिकलवाल्यांना लगेच फोन. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. बिब उलटा करून बघा, मागे घरच्यांचा नंबर असतो.

कोसळला, हलवल्यावर उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर वाट बघायची नाही. एकाने १०८ ला आणि पॉइंटच्या इन्चार्जला फोन, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दमलात की दुसऱ्याने घ्यायचं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही. ग्रुपमधे कोणी डॉक्टर असतीलच, एका रविवारी त्यांना सांगून पुतळ्यावर करून बघा.

अजून एक, जास्त पाणी पिणंही वाईट असतं. दर टेबलाला पोटभर पिऊन रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, हात फुगतात. तहान लागेल तेवढंच प्या, हे पळणाऱ्यालाही आणि आग्रह करणाऱ्या व्हॉलंटियरलाही.

मग तुमची स्वतःची रेस

एखादी ड्यूटी झाली, आता पळा. आदल्या रात्री सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. बाहेरगावचे मित्र रेसला आले की त्यांना रात्री साडेअकराला गराडू आणि भुट्ट्याचा कीस खायला घालायची हौस असते आपल्याला, ती रविवारी रात्री भागवा. शनिवारी आठच्या आत वरण-भात, नाहीतर मऊ खिचडी, आणि झोपा. सकाळी जे रोज लाँग रनच्या आधी खाता तेच.

बिब पुढे, पोटावर, चार पिनांनी. चिप बिबच्या मागेच चिकटवलेली असते, घडी घालू नका. स्वतःचा बिब दुसऱ्याला देऊ नका आणि दुसऱ्याचा घालू नका, का ते वरचं वाचून कळलंच असेल, तुम्ही पडलात तर फोन भलत्याच घरी जाईल. चिप असेल तर तुमचा वेळ स्टार्टची मॅट ओलांडल्यापासून मोजतात, म्हणून पुढे घुसायची काही गरज नाही, तुमच्या वेगाच्या लोकांमधे उभे राहा.

हाफ अडीच तासांत करायची तर किलोमीटरला सात मिनिटं सात सेकंद, दोन तासांत करायची तर पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद. दहा किलोमीटर सत्तर मिनिटांत म्हणजे सरळ सातचा पेस, किलोमीटरला सात मिनिटं. पहिले दोन किलोमीटर यापेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू जा, सगळे पुढे जातील, जाऊ द्या. पेसरचा, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या वेगाने पळून दाखवणाऱ्याचा, झेंडा दिसला तर त्याच्या जवळ राहा पण अगदी टाचेला चिकटू नका, पाण्याच्या टेबलाला तो घोळका एकदम थांबतो. टेबलाला पाणी घ्यायचं असेल तर शेवटच्या टेबलावरून घ्या, तिथे गर्दी कमी, हे तुम्हाला ड्यूटी केल्यामुळे माहीतच आहे. कपाचा काठ चिमटीत दाबून चोच करा आणि घोट घोट प्या, पळता पळता नाकात जात नाही. नाही जमलं तर दहा पावलं चाला, कोणी नापास करत नाही.

त्याच दिवशी दुपारच्या आत

पोहे-जिलबी तर होणारच, वरून शेव-जिरावन, त्याचं मार्गदर्शन इंदूरकराला कशाला. पण पोहे यायच्या आधी ठेल्यावर उभ्या उभ्याच इन्चार्जला मेसेज टाका: किती जार आले, किती उरले, कप कधी संपत आले, सगळ्यात जास्त गर्दी किती वाजता झाली, शेवटचा माणूस किती वाजता गेला, कुठली वस्तू कमी पडली. घरी जाऊन आंघोळ केली की यातलं अर्धं आठवत नाही. आमच्या शीटमधे याचं वेगळं पान आहे, पुढच्या वर्षी त्याच चौकात टेबल मिळालं तर जारचा आकडा तिथून उचलायचा. रबरी हातमोजे धुवून वाळत घाला, हेडलॅम्प चार्जिंगला लावा, आणि ज्याच्या गाडीत टेबलाचं सामान राहिलंय त्याला संध्याकाळच्या आत फोन करा, नाहीतर ते पुढच्या रेसपर्यंत त्याच्या डिकीतच फिरत राहतं.